बांड्याच्या गळ्यातली कोंबडी

कोंबड्या माझ्या मायच्या होत्या. वावर बाबांचं, बैल बाबांचे, बांधावरची बाभूळ तोडायची तरी बाबांना विचारावं लागे. पण कोंबड्यांविषयी बाबा एक अक्षर बोलत नसत. अंगणातून चालताना समोर कोंबडी आली तर ते थांबून तिला आधी जाऊ देत. आम्ही उंद्री गावापासून कोसभर आत, वावरातच राहत होतो. कुडाच्या भिंती, वर पत्रे, बाजूला गोठा, गोठ्यामागं उकिरडा आणि पुढं नाल्यापर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. शेजार नव्हताच. सकाळी माय टोपली उचलायची, खुराड्याची फळी काढायची आणि बारा-पंधरा कोंबड्या एकदम बाहेर पडायच्या, की घराला आवाज यायचा. त्यांची ती कुरकुर, पायांनी पाचोळा ओढण्याचा आवाज, अंडं दिल्यावरची ओरड हे सगळं दिवसभर इतकं चालू असे की ते थांबलं तरच आमचं लक्ष जाई. माय तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर टाकता टाकता ऐकायची आणि न बघता सांगायची, "कवडीनं अंडं देल्लं. जाय, उचलून आन."

कवडी म्हणजे तिची सगळ्यात जुनी कोंबडी. पांढऱ्यावर काळे ठिपके, कवडीसारखे. ती खुडूक बसली की तिच्या पोटाखाली बारा अंडी ठेवायची आणि त्यातल्या अकरांतून तरी पिलं निघायचीच. माय तिला स्वतःच्या हातानं कण्या चारायची. मला तिनं कधी घास भरवल्याचं आठवत नाही, पण कवडीला भरवताना मी रोज पाहिलं आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे त्या काळी मुलं आपापली वाढत आणि कोंबड्या वाढवाव्या लागत.

कोंबड्यांचं जग दिसतं तसं गरीब नसतं, हे मला मायनंच शिकवलं. एखाद्या कोंबडीला काटा लागून रक्त आलं की तिला लगेच टोपलीखाली झाकायचं आणि जखमेवर चुलीतली राख दाबायची. नाही तर दुसऱ्या कोंबड्यांना ते लाल दिसतं. मग एक टोचते, दुसरी टोचते आणि दिवस मावळायच्या आत जखमी कोंबडीची आतडी बाहेर येतात. रोज जिच्याशेजारी मातीत लोळायचं, तिलाच. एकदा मी राख लावायचा कंटाळा केला आणि एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, तशी मेली. मायनं मला मारलं नाही. मेलेली तलंग माझ्या पुढ्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "पाह्य. हे तुह्या हातानं झालं." तिची शिक्षा करायची रीत तीच होती.

बांड्याला बाबांनी धाडच्या बाजारातून पोत्यात घालून आणलं. दुसऱ्याच महिन्यात भरलेल्या बंडीच्या चाकाखाली त्याचं शेपूट सापडलं, ते मुळापासून गेलं, म्हणून बांड्या. शेपूट नसल्यामुळे त्याला आनंद झाला की कमरेपासूनचा सगळा मागचा भाग हलायचा, आणि आनंद त्याला फार लवकर व्हायचा. आल्या आल्या तो कवडीच्या पिलांकडे गेला. कवडीनं पंख फुलवून त्याच्या पाठीवर उडी घेतली आणि डोळ्याच्या वर अशी चोच मारली की तिथलं कातडं सोललं गेलं. तो किंचाळत चुलीपाशी येऊन लपला. माय पदर तोंडाला लावून हसत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "आता जल्मभर ध्यानात ठेवीन."

आणि त्यानं ठेवलं, निदान दीड वर्ष. मी पुढं पुष्कळ कुत्री पाहिली, पण बांड्यानं कोंबड्यांसमोर जशी रीत पाळली तशी क्वचितच. त्याच्या पुढ्यात भाकरीचा तुकडा टाकला आणि कवडी तिकडून यायला लागली की तो तोंड दुसरीकडे वळवायचा, जणू त्याला भूकच नाही. पिलं त्याच्या पाठीवर चढून ऊन खायची. तो श्वाससुद्धा हळू घ्यायचा. मोठ्या कोंबड्याची भाषा त्याला यायला लागली होती. आकाशात घार आली की कोंबडा एक लांब, घशातली हाक देई, आणि भुईवर साप-मुंगूस असलं की तुटक, खडखडती. लांब हाक आली की बांड्या उघड्यावर धावत जाऊन वर तोंड करून भुंकायचा; तुटक आली की नाक भुईला लावून कुंपण पालथं घालायचा. त्या दीड वर्षात आमचं एकही पिलू घारीनं नेलं नाही. माय बाजारात बायांना सांगायची, "आमचा कुत्रा कोंबड्यायचा मामा हाय."

माझी चौथी झाली तेव्हा बाबा म्हणाले, "पोरीच्या जातीले चार बुकं झाले. बस झालं आता." पुढची शाळा उंद्रीला होती. माय तेव्हा भाकरी थापत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "तिची शाळा माह्या कोंबड्या पाह्यतीन. तुमाले काई मांगनार नाई." बाबा उठून गोठ्यात गेले. एवढंच बोलणं झालं आणि मी पाचवीत बसले. बाजाराच्या आदल्या दिवशी अंडी-कोंबड्या विकत घेणारे रहमानचाचा सायकलवर यायचे. मागच्या टोपलीत भुसा असायचा, त्यात ते एकेक अंडं कानाशी हलवून ठेवायचे. पाटी, वह्या, परकराचं कापड, पायातल्या चपला, सगळं त्या टोपलीतून यायचं. मला अभ्यासाची गोडी लागली होती. गणितात मी वर्गातल्या पोरांच्या पुढं होते आणि मास्तर मला फळ्याशी बोलवायचे. हे सुख मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त बांड्याला. तो रोज नाल्यापर्यंत सोडायला यायचा आणि संध्याकाळी तिथंच बसलेला असायचा.

दिवाळीनंतर पऱ्हाटी फुटली. माय आणि बाबा दिवसभर वेचणीत, मी शाळेत, घरी कोणी नाही. बांड्या आता भरात आला होता आणि त्याला काम नव्हतं. एका रविवारी मी अंगणात भांडी घासत होते. एक पिलू आईपासून चुकलं आणि भेदरून पळत सुटलं. बांड्या उठला आणि त्याच्या मागं धावला. पळणारं दिसलं की धावायचं, हे कुत्र्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं पिलू पंजाखाली धरलं, सोडलं. ते पळालं, पुन्हा धरलं. मला गंमत वाटली. मी हसले. हाताला राख लागलेली होती तशीच मी टाळी वाजवली. माझं हसणं पाहून त्याची कंबर हलायला लागली आणि त्यानं पिलू पुन्हा सोडलं, पुन्हा धरलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी पिलू उठलंच नाही. मान लटकली होती. बांड्या नाकानं त्याला ढकलत होता, ऊठ म्हणत होता, आणि मधूनच माझ्याकडे पाहत होता.

मी पिलू उकिरड्यात पुरलं. संध्याकाळी मायनं पिलं मोजली, तेव्हा म्हणाले, "घारीनं नेलं."

"मंग हा काय करत होता?" मायनं बांड्याकडे बोट केलं.

"झोपला होता."

दोन आठवड्यांनी एक तलंग. ही मी मारताना पाहिली नाही. शाळेतून आले तर बांड्या ती तोंडात धरून नाल्यापाशी माझी वाट पाहत उभा. त्यानं ती माझ्या पायांजवळ ठेवली आणि मागं सरकून बसला, कंबर हलवत. तिच्या अंगावर रक्ताचा थेंब नव्हता, नुसती झटकून मारलेली. मी त्याला धपाटा घातला असता, ओरडले असते, दोन दिवस बांधून ठेवलं असतं, तर कदाचित तिथंच थांबलं असतं. पण मला मायची भीती वाटली आणि त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर त्यानं ती माझ्यासाठी आणली याचा आतून थोडा गर्वही वाटला. मी तीही उकिरड्यात पुरली. मायला म्हणाले, मुंगूस असेल. दुसऱ्या दिवशी माय वेचणीला गेली नाही. दिवसभर कुंपणाची भोकं दगडांनी आणि बोराटीच्या काटेरी फांद्यांनी बुजवत होती. संध्याकाळी तिचे हात काट्यांनी फाटले होते आणि मी त्यांना तेल लावून दिलं.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी मी परतले तर नाल्यावर बांड्या नव्हता. घराकडे वळले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की आवाज नाही. कोंबड्यांचा एकही आवाज नाही. अंगणात पिसं पडली होती, गोठ्याच्या दारापर्यंत. वाचलेल्या कोंबड्या पत्र्यावर आणि बाभळीवर चढून गप्प बसल्या होत्या. बाबा आदल्या दिवशीच कापसाची बंडी घेऊन खामगावला गेले होते. माय अंगणाच्या मध्ये उभी होती आणि तिच्यासमोर पाच कोंबड्या ओळीनं मांडून ठेवलेल्या. पाचवी कवडी होती. ती त्या दिवसांत अंड्यांवर बसलेली होती, म्हणजे पळालीही नसणार. टोपलीतून ओढून काढलेली. अंडी फुटली होती आणि त्यातली अर्धवट वाढलेली पिलं मातीत पडली होती, चोची आलेली, पिसं न आलेली. उकिरडाही उकरलेला होता. माझं पिलू आणि माझी तलंग, जे काही उरलं होतं ते, मायनं ओळीच्या शेवटी मांडलं होतं.

"हे कोनं पुरलं?" तिनं विचारलं.

मी ओळीच्या शेवटाकडे पाहत उभी राहिले.

"मले मुंगूस सांगतलं तुनं. मी दिवसभर काटे भरत बसली." तिचा आवाज चढलेला नव्हता. "पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं तं एका काठीवर भागलं असतं. आता त्याच्या तोंडाले रगत लागलं."

"माय, त्याले बांधून ठेवू आपन. साखळीनं. मी बांधतो."

"बांधल्या कुत्र्याचा काय उपेग? वावर कोन राखन?" ती खाली बसली, कवडीचे पाय धरून तिला उचललं आणि वजन पाहिल्यासारखं हातात धरून ठेवलं. "माह्या मायेरी एक कुत्रा असाच लागला होता. माह्या बापानं मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधली. सडून गळून पडे परेंत सोडली नाई. मंग कुत्रा जल्मात कोंबडीच्या वाटे गेला नाई."

मी रडायला लागले. कवडी नको म्हणाले, बांड्या नको म्हणाले, काय काय म्हणाले. मायनं ते संपू दिलं. मग विचारलं, "शाळा पायजे का कुत्रा?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. तिच्या मागं पत्र्यावर उरलेल्या कोंबड्या बसल्या होत्या, आणि त्या इतक्या थोड्या होत्या की माझ्या नजरेत एका वेळी मावत होत्या.

"सांग. दोन्ही नाई भेटनार."

मी म्हणाले, "शाळा."

"मंग बोलाव त्याले."

तो पऱ्हाटीत दडून बसला होता. त्याला काही तरी बिनसल्याचं कळलं असावं, कारण दोनदा हाक मारूनही आला नाही. तिसऱ्यांदा मी नेहमीसारखी हाक मारली, नाल्यावरून मारायचे तशी, बां-ड्या करून, शेवट लांबवून. तो बाहेर आला. पोटावर घसटत, कान पाडून आला आणि माझ्या मांडीत तोंड खुपसलं. मायनं अंबाडीची दोरी माझ्या हातात दिली. दोरी तिनं कवडीच्या दोन्ही पायांना आधीच बांधून ठेवली होती; मला फक्त त्याच्या गळ्याभोवती फेरा घेऊन गाठ मारायची होती. "आवळ," ती म्हणाली, "नाई तं पंज्यानं काढून टाकन." मी आवळलं. गाठ मारताना तो माझं मनगट चाटत होता. कवडी अजून गरम होती. तिची मान खाली लोंबकळून त्याच्या पुढच्या पायांवर आपटली, तेव्हा त्यानं एकदा खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कंबर हलवली. त्याला वाटलं असेल, मी त्याला ती दिली.

पहिला दिवस तो तिच्याशी खेळला. दुसऱ्या दिवशी त्याला ती नको झाली. तो मागं मागं सरकायचा, तीही त्याच्याबरोबर यायची. पळायचा, ती पायांत अडकून तो तोंडावर पडायचा. मग पंजानं ओढू लागला, तशी दोरी कातड्यात गेली. तिसऱ्या दिवशी वास सुटला. चौथ्या दिवशी त्याच्याभोवती माशांचं इतकं घोंगावणं होतं की तो कुठं आहे ते न बघता समजायचं. तो खायचा बंद झाला, कारण तोंड खाली घातलं की नाकाशी तीच. पाणी प्यायला नाल्यावर गेला तेव्हा कुठली तरी गावातली कुत्री वासानं जमली आणि कोंबडी ओढण्यासाठी त्यांनी त्याला फाडलं. कवडीचा अर्धा भाग ती घेऊन गेली, पाय आणि पाठ तेवढी गळ्यात राहिली. मायनं पाहिलं आणि म्हणाली, "अजून गळली नाई."

पाचव्या दिवशी मी ओट्यावर बसून भाकर आणि ठेचा खात होते. तो बाभळीखालून उठला आणि माझ्याकडे यायला लागला. फार हळू, मध्ये थांबत. त्याच्यापुढं वास आला. हातातला घास मी खाली टाकला. मी त्याला हाकललं. तो थांबला, पुन्हा निघाला. तेव्हा मी ढेकूळ उचललं आणि मारलं. ते त्याच्या तोंडावर फुटलं. मायनं मला असं काही करायला सांगितलेलं नव्हतं. गाठ मी तिच्या सांगण्यावरून मारली असं आजवर स्वतःला सांगत आले, आणि ते खरंही आहे. पण ढेकूळ माझं होतं. मला त्या क्षणी त्याची दया येत नव्हती. किळस येत होती, आणि त्याची ही दशा मी केली म्हणून त्याचाच राग येत होता. तो वळला आणि बाभळीखाली जाऊन बसला. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही.

रहमानचाचा आले ते सायकलवरून उतरलेच नाहीत. एक पाय भुईला टेकवून उभे राहिले आणि रुमाल नाकाला लावला. "भाबी, हे काय चालवलं तुमी? बेजुबान जनावर हाय."

"त्यानं पाच मारल्या, चाचा. कवडी गेली माही."

"तं मारून टाका त्याले. मी रोज कोंबड्या कापतो भाबी, पन एका घावात कापतो. असं नाई करत."

"मारला तं वावर कोन राखन?" मायनं तेच उत्तर दिलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत होते. त्या दिवशी द्यायला अंडी नव्हतीच. भेदरलेल्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं होतं. चाचा रिकामी टोपली घेऊन गेले.

बाबा खामगावहून आले, बंडी सोडली, बैलांना पाणी दाखवलं. बाभळीकडे पाहिलं, वास घेतला. "कोनं बांधलं?" म्हणाले. माय म्हणाली, "मी." बाबा हातपाय धुऊन जेवायला बसले. बापाचं मध्ये न पडणं आपण न्यायीपणा म्हणून आठवत राहतो, त्यात कधी कधी नुसती भूक असते. मी मात्र त्या 'मी' वर बरेच दिवस विचार करत राहिले. तिनं माझं नाव घेतलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी माय विळा घेऊन उठली. दोरी आता दिसतच नव्हती, मान सुजून तिच्यावर आली होती. तिनं त्याचं डोकं गुडघ्यात धरलं आणि विळ्याचं टोक कातड्याखाली घालून दोरी कापली. जे उरलं होतं ते गळून पडलं. गळ्याभोवती बोटभर रुंद, उघडं लाल मांस होतं आणि त्यात किडे वळवळत होते. माय राख आणायला आत गेली. तेवढ्यात कोंबड्या आल्या. पहिली आली तिनं मान वाकडी करून पाहिलं आणि एक किडा उचलला. मग दुसरी. मग सगळ्याच. त्या किडे टिपत होत्या आणि किडे टिपता टिपता मांसही तोडत होत्या. बांड्याच्या सगळ्या अंगाला कापरं भरलं होतं. एका जबड्यात त्यातल्या कुठल्याही कोंबडीचं डोकं मावलं असतं. तो हलला नाही. त्यानं डोळे मिटले, मूत सुटून त्याच्या पोटाखालची माती ओली झालेली मला दिसली, आणि तो तसाच उभा राहिला. मी दोन पावलांवर होते. कोंबड्या हाकलायला मी हात वर केला, तर तो माझ्या हाताला भिऊन भुईसपाट झाला. माय धावत आली तिनंच त्या हाकलल्या.

औषध लागू पडलं. बांड्यानं पुन्हा कधी कोंबडीला तोंड लावलं नाही. पण त्यापुढं तो कोंबड्या असतील तिथं थांबेचना. त्याच्यापुढं भाकर टाकली की कोंबड्या धावत येत आणि तो उठून लांब जाई. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. कोंबडा लांब हाक देई, घार खाली येई, बांड्या बाभळीखालून पाहत राही. खुराड्यात मुंगूस शिरलं, कोंबडा खडखडला, कोंबड्या ओरडल्या. तो कान मागं पाडून बसून राहिला, उठला नाही. त्या उन्हाळ्याअखेर आमच्या जितक्या कोंबड्या घारीनं आणि मुंगसानं नेल्या, तितक्या बांड्यानं आयुष्यभर मारल्या नसत्या. माय एकदाही तसं बोलली नाही. ती दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायला लागली आणि माझी शाळा त्यावर चालली.

एक गोष्ट मी तिच्या नकळत पाहिली. सकाळची सगळ्यांची जेवणं झाली की ती भाकर दुधात चुरायची, वाडगं घेऊन गोठ्यामागं जायची आणि बांड्यापुढं ठेवून स्वतः काठी घेऊन शेजारी बसायची. एकही कोंबडी जवळ येऊ द्यायची नाही. तो चाटून पुसून खाईपर्यंत बसायची. कधी कधी त्याच्या मानेवरून हात फिरवायची, जिथं केस परत आले नव्हते तिथून. तो तिला तसं करू द्यायचा. मी गेले की उठून जायचा. दोन वर्षं तो असा जगला. मी सातवीची परीक्षा द्यायला बुलढाण्याला गेले होते, परत आले तेव्हा मायनं त्याला नाल्याकाठी पुरलेलं होतं.

मी मास्तरीण झाले. तीसहून जास्त वर्षं पोरींना गणित शिकवलं. आता ज्या कॉलनीत राहते तिथं सकाळी फिरायला जाणारी माणसं खिशात बिस्किटं घेऊन निघतात, आणि रस्त्यावरची कुत्री त्यांच्या अंगावर उड्या मारतात. माझ्या मागं कुणी येत नाही. कुत्र्याला हाक मारायची ती लकब मी कधीच सोडून दिली.

बाबा गेल्यावर माय शेवटची काही वर्षं माझ्याकडे होती. नजर गेली होती, कान आणि हात शाबूत होते. एका दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिनं आपणहून काही तरी जुनं काढलं, कुणाच्या लग्नातलं, आणि मला विचारायचं धाडस झालं. म्हटलं, "माय, बांड्याले मी हाक मारली म्हनून तो आला. तुह्या हाकेनं नसता आला का व?"

"काऊन नसता आला? रोज तुकडा तं मीच टाको त्याले."

"मंग मले काऊन बांधाले लावलं? मी दहा-अकरा वर्सांची होती."

तिनं पुढची शेंग उचलली. अंगठ्यानं दाणे ताटात पाडत होती, एकेक मोजल्यासारखे.

"माह्या हातानं झालं नसतं," ती म्हणाली. "अन् शाळा तुले पायजे होती."

तिच्या पुढ्यातल्या शेंगांचा ढीग अजून मोठा होता. त्यातला अर्धा मी माझ्याकडे ओढून घेतला आणि सोलायला लागले.